भूगर्भांतील वायु व शेतकऱ्याचें पाणी

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड राज्यांत शेत शेतकऱ्याचें असलें तरी त्याखालील वायूवर मालकी सरकारची असते. कोळशाच्या थरांतील पाणी उपसलें म्हणजे दाब उतरून वायु सुटतो. परंतु त्याच उपशानें शेजारच्या कूपनलिकांचें पाणी खालावूं शकतें. तंट्याचें मूळ तेंच. यास्तव शेतांत मोठें काम आरंभण्यापूर्वीं कंपनीस सामान्यतः शेतकऱ्याशीं नुकसानभरपाईचा लेखी करार करावा लागतो. कूपनलिकांची मूळ स्थिति आधीं तपासून नोंदविली जाते. पुढें त्या उपशानें पाणी तुटल्यास कंपनीनें कूपनलिका खोल करावी, दुसरें पाणी पुरवावें अथवा भरपाई द्यावी, असें बंधन आहे. शेतकरी, गांवकरी व कंपन्या यांत सलोखा राहावा म्हणून २०१३ सालीं आयोगही स्थापन झाला. शेतकरी बंधूंनीं ध्यानांत ठेवावें कीं, वेळेवर न नोंदलेला हक्क मागाहून शाबीत करणें कठीण.