बनॉफी कप: केळी ३० रुपयांची, शिकवण १६२० रुपयांची



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बनॉफी कप बनवले. कॅमेऱ्यासमोर सगळं पटापट होतं, त्यामुळे मापं आणि हिशोब नीट सांगायचे राहून जातात. ते इथे लिहून देते. आणि एक फजिती पण सांगते, जी व्हिडिओत सांगायचं धाडस झालं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मला वाढदिवसाची ४० कपांची ऑर्डर आली. दर ठरला ५० रुपये. मी खुश! आमचं जळगाव म्हणजे केळीचं गाव, इथल्या केळीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, माझं स्वतःचं केक मटेरियलचं दुकान आहे, मग अडचण कसली? सकाळी दहाला केळी कापून कप भरून ठेवले आणि संध्याकाळी सहाला स्कूटीवरून नेऊन दिले. सातला फोन आला, “ताई, केळी काळी पडलीयेत. आणि खाली पाणी सुटलंय.”

मी काही बोलले नाही. अर्धे पैसे, म्हणजे १००० रुपये, परत केले. त्या रात्री वही घेऊन बसले, तेव्हा कळलं की ऑर्डर व्यवस्थित पोचली असती तरी माझा तोटाच होता. तो कसा, ते पुढे सांगते. आधी कप बघू.

हा पदार्थ आहे तरी काय?

बनाना आणि टॉफी, दोन्ही मिळून बनॉफी. इंग्लंडमध्ये ईस्ट ससेक्समधल्या जेव्हिंग्टन गावात ‘द हंग्री मंक’ नावाचं रेस्टॉरंट होतं. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मालक नायजेल मॅकेन्झी आणि शेफ इयान डाउडिंग यांनी हा पाय बनवला. खाली पायचं कवच, त्यावर कंडेन्स्ड मिल्कची टॉफी, मग केळी, आणि वर कॉफीची चव दिलेलं क्रीम. आपण तोच पाय कपात भरतोय. आपल्यासारख्यांना कप का परवडतो? कापायची कटकट नाही, ओव्हन लागत नाही, वजन ठरलेलं राहतं आणि गिऱ्हाईक एक कप घेऊन चव बघू शकतं.

१२ कपांचं माप (१८० मिलीचा झाकणाचा कप)

- डायजेस्टिव्ह किंवा मारी बिस्किटं: २०० ग्रॅम
- बटर: १३० ग्रॅम (७० चुऱ्यात, ६० कॅरॅमलमध्ये)
- कंडेन्स्ड मिल्क: ४०० ग्रॅम
- ब्राउन शुगर: ६० ग्रॅम
- मध्यम केळी: ६
- व्हिपिंग क्रीम: २५० मिली
- चिमूटभर मीठ, अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी, थोडं लिंबू, वरून किसलेलं चॉकलेट

पहिला थर: चुरा. बिस्किटं मिक्सरला रव्यासारखी फिरवा, पीठ करू नका. वितळलेलं बटर घालून मुठीत दाबून बघा, लाडवासारखा गोळा धरला पाहिजे. प्रत्येक कपात २२ ग्रॅम घाला आणि छोट्या वाटीच्या बुडाने दाबा. २० मिनिटं फ्रीजमध्ये. बटर घट्ट झालं की वरचा ओलावा चुऱ्यात लगेच उतरत नाही. माझं हे दाबायचं राहिलं होतं, म्हणून खाली लगदा झाला.

दुसरा थर: कॅरॅमल. जाड बुडाच्या कढईत ६० ग्रॅम बटर आणि ब्राउन शुगर मंद आचेवर विरघळवा, कंडेन्स्ड मिल्क ओता आणि सतत हलवत ८ ते १० मिनिटं शिजवा. फोन आला तरी घ्यायचा नाही, ते लगेच खाली लागतं. थंड ताटलीवर एक थेंब टाकून ताटली तिरकी करा. थेंब सावकाश सरकला की गॅस बंद. पळाला तर अजून शिजवा. मीठ शेवटी. कोमट झालं की कपात ४० ग्रॅम.

दोन सूचना. ब्राउन शुगरऐवजी गूळ टाकू नका, गुळाने दूध फाटू शकतं. आणि बंद डबा तासन्‌तास पाण्यात उकळायची जुनी पद्धत कितीही सोपी वाटली तरी घरी करू नका. पाणी आटलं तर डबा फुटतो आणि आतलं उकळतं कॅरॅमल अंगावर उडतं.

तिसरा थर: केळी. पिवळी, नुकते बारीक ठिपके आलेली घ्या. फार पिकलेल्याला पाणी सुटतं, कच्चं तुरट लागतं. कापलेल्या केळ्याला हवा लागली की त्यातल्या एन्झाइममुळे ते काळं पडतं. उपाय तीन: कापायचं सगळ्यात शेवटी, लिंबाचा हलका हात फिरवायचा, आणि वरून क्रीमने पूर्ण झाकायचं. एकही चकती कपाच्या काठाशी उघडी दिसता कामा नये. एका कपाला अर्धं केळं, म्हणजे साधारण ४० ग्रॅम.

चौथा थर: क्रीम. दुकानात रोज कोणीतरी विचारतं, “ताई, अमूल फ्रेश क्रीम चालेल का?” त्यात २५ टक्के फॅट असतं, ते हवं तसं फुलत नाही. व्हिपिंग क्रीमच घ्या. दुधाचं घेतलं तर भांडं आणि बीटर आधी थंड करा, कॉफी आणि चमचाभर पिठीसाखर घाला. नॉन-डेअरी क्रीम आधीच गोड असतं आणि उन्हाळ्यात जास्त टिकून राहतं. पण ते वनस्पती तेलाचं असतं. वापरायला हरकत नाही, फक्त गिऱ्हाइकाला “शुद्ध दुधाचं क्रीम” म्हणून विकू नका. लबाडी एकदा कळली की नाव गेलं.

चुरा आणि कॅरॅमल आदल्या दिवशी कपात भरून फ्रीजमध्ये ठेवता येतं. केळी आणि क्रीम मात्र द्यायच्या दिवशीच, निघायच्या जितकं जवळ तितकं चांगलं. मी तयार कप त्याच दिवशी विकते, शिल्लक राहिले तर घरी खातो. नेताना थर्मोकोलच्या डब्यात जेल आइस पॅक. खानदेशातल्या मे महिन्यात याला पर्याय नाही.

आता खरी गोष्ट: हिशोब

त्या रात्री माझ्या वहीत एवढंच होतं (१२ कपांसाठी, माझ्या इथले दर, तुमच्याकडे बदलतील):

- बिस्किटं ४०
- बटर ७८
- कंडेन्स्ड मिल्क १४५
- ब्राउन शुगर १०
- केळी ३०
- क्रीम ७५
- कॉफी, चॉकलेट, लिंबू १२

बेरीज ३९० रुपये. एका कपाला साडेबत्तीस. विकला ५० ला, म्हणजे साडेसतरा रुपये सुटले, असं मी धरून चालले होते.

सासूबाई शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. त्यांनी विचारलं, “कप फुकट आले का?” मग कप, झाकण, चमचा, लेबल मिळून १२ रुपयांप्रमाणे १४४ लिहिले. गॅस आणि वीज २४. झाले ५५८. मोडतोड, सांडलवंड, एखादं खराब केळं यासाठी ५ टक्के, म्हणजे २८. झाले ५८६.

मग त्या म्हणाल्या, “आम्ही पापड लाटायला जायचो, तर किलोमागे पैसे मिळायचे. तू दोन तास उभी होतीस, तुझे पैसे कुठे लिहिलेस?”

मी बीबीए केलंय हो! कॉस्टिंगच्या पेपरात ‘डायरेक्ट लेबर’ लिहून मार्क मिळवलेत. आणि स्वतःच्या वहीत स्वतःचीच मजुरी शून्य. घरातलं काम म्हणजे फुकटचं काम, हे डोक्यात इतकं बसलेलं असतं की आपल्यालाच ते दिसत नाही.

तासाला १०० धरले तर दोन तासांचे २००. एकूण ७८६. एका कपाला साडेपासष्ट रुपये! म्हणजे ५० ला विकताना प्रत्येक कपामागे साडेपंधरा रुपये मीच गिऱ्हाइकाला देत होते. ४० कपांचे ६२०. वरून परत केलेले १०००. एकूण १६२०.

मग दर किती ठेवायचा?

मी आज ९० ला विकते. कपामागे साडेचोवीस रुपये नफा, आणि माझी मजुरी त्याआधीच निघालेली असते. हे दोन पैसे वेगळे असतात, ते वेगळ्याच रकान्यात लिहा.

डिलिव्हरी ॲपवर जायचं असेल तर थांबा. समजा ॲपने २५ टक्के कापले, तर ९० चे साडेसदुसष्टच हातात येतात. नफा दोन रुपये. तेच ९० हातात यायला हवेत तर तिथला दर १२० लावा, आणि कमिशनवरचा कर वेगळा धरा.

दर कमी करायचा असेल तर माल हलका करू नका, बॅच वाढवा. मला १२ कपांना दोन तास लागतात, पण ३६ कपांना साडेतीनच. मजुरी कपामागे पावणेसतरावरून पावणेदहावर येते. सात रुपये इथेच वाचले.

विकण्याआधी

घरून विकत असलात तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती फॉस्कॉस पोर्टलवर ऑनलाइन होते. लेबलवर १४ अंकी नंबर, शाकाहारी चिन्ह, घटक, वजन, बनवल्याची आणि वापरायची तारीख लिहा. गहू आणि दूध आहे हे ठळक लिहा, कोणाला ॲलर्जी असू शकते.

पहिल्याच दिवशी ४० ची ऑर्डर घेऊ नका, मी घेतली होती. आधी १२ बनवा. चार घरी खा, चार शेजारी द्या, चार फ्रीजमध्ये ठेवून दर दोन तासांनी एक उघडून बघा. तुमचा कप किती तास टिकतो हे दुसरं कोणी सांगणार नाही.

आणि एक काम आजच करा. तुम्ही सध्या जे काही विकता, लाडू, पिशव्या, केक, त्याचा हिशोब काढा आणि त्यात स्वतःचे तास लिहा. आकडा बघून धक्का बसला तर कॉमेंटमध्ये सांगा. घाबरू नका, मलाही बसला होता. दर वाढवल्यावर दोन गिऱ्हाइकं गेली. बाकीची अजून येतात.

भेटू पुढच्या व्हिडिओत!