विश्लेषण : एक ओळ वाढवली, पाच ओळी बदलल्या! कोड फॉरमॅटरची सेटिंग का महत्त्वाची?

मोबाइलवर संदेश लिहिताना ओळ कुठे संपते याची चिंता कुणी करत नाही. कडेला पोहोचली की ती आपोआप खाली उतरते. प्रोग्रॅमच्या कोडचे तसे नसते. लांब ओळ कुठे मोडायची, मोडलेला भाग किती आत सरकवायचा, एकाखाली एक येणारी ‘बरोबर’ची चिन्हे सरळ रेषेत आणायची का, हे ठरवावे लागते. सी++ साठी क्लँग-फॉरमॅट, पायथनसाठी ब्लॅक, जावास्क्रिप्टसाठी प्रिटियर ही साधने हे काम क्षणात करतात. मात्र त्यांना दिलेल्या सेटिंगचा परिणाम कोडच्या दिसण्यापुरता राहत नाही.

८० हा आकडा आला कुठून?

आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या पंचकार्डावर ८० स्तंभ होते. पुढे १९७८ च्या व्हीटी-१०० सारख्या टर्मिनलच्या पडद्यावरही एका ओळीत ८० अक्षरे मावत आणि तीच सवय रुजली. पायथनच्या ‘पेप-८’ या नियमावलीत मर्यादा ७९ आहे. ब्लॅक ८८ धरतो, प्रिटियर ८०, तर रस्ट भाषेचा फॉरमॅटर १००. लिनक्स कर्नलच्या तपासणी साधनाने २०२० मध्ये इशाऱ्याची मर्यादा ८० वरून १०० वर नेली. पसंती मात्र आजही ८० लाच आहे. यातला कोणताही आकडा निवडला तरी फारसे बिघडत नाही. तासन् तास वाद होतो तो नेमका यावरच!

ओळ मोडायची जागा कशी ठरते?

खरी मेख इथे आहे. क्लँग-फॉरमॅट प्रत्येक संभाव्य जागेला ‘दंड’ लावतो आणि एकूण दंड सर्वांत कमी होईल अशी मांडणी निवडतो. फंक्शनला सात-आठ आर्ग्युमेंट असतील, तर ‘बिन पॅक आर्ग्युमेंट्स’ सुरू असताना तो प्रत्येक ओळीत मावतील तेवढी कोंबतो. जागा वाचते, पण मध्येच एक नवे आर्ग्युमेंट आले की पुढची सगळी सरकतात. हेच सेटिंग बंद केले, तर एक तर सारी एका ओळीत, नाही तर प्रत्येक स्वतंत्र ओळीवर. लांबी वाढते; बदल मात्र एकाच ओळीपुरता राहतो.

मोडलेली ओळ उघडणाऱ्या कंसाच्या बरोबर खाली आणण्याचीही सोय आहे. दिसते छान. पण फंक्शनचे नाव दोन अक्षरांनी लांबले, की खालच्या सर्व ओळी दोन जागा उजवीकडे. त्याऐवजी चार जागांचा ठरावीक इंडेंट ठेवला, तर नाव कितीही बदलो, खालच्या ओळी सहसा जागच्या हलत नाहीत. ब्लॅक याच वाटेने जातो. आधी सारे एका ओळीत बसते का ते पाहतो, मग कंसातला मजकूर खालच्या ओळीवर नेतो, तरीही बसले नाही तर प्रत्येक घटक वेगळ्या ओळीवर ठेवून शेवटी स्वल्पविराम देतो. तो शेवटचा स्वल्पविराम निरुपयोगी वाटतो. पण उद्या नवा घटक जोडताना आधीची ओळ बदलावी लागत नाही, ती त्याच्यामुळेच.

मग ‘बरोबर’ची चिन्हे रांगेत का आणू नयेत?

समजा दर, कर, सूट, एकूण या चार नावांपुढची चिन्हे रांगेत आहेत. त्यात ‘सेवाशुल्क’ आले की रांग राखण्यासाठी चारही ओळींत रिकाम्या जागा वाढतात. बदल तपासणाऱ्याला एकाऐवजी पाच ओळी बदललेल्या दिसतात. त्याच वेळी सहकाऱ्याने दुसऱ्या शाखेत ‘कर’ची किंमत बदलली असेल, तर दोन्ही बदल एकत्र करताना विनाकारण संघर्ष उभा राहतो. ही ओळ कुणी आणि का लिहिली, हे गिटला विचारले तर उत्तरात फक्त जागा वाढवणाऱ्याचे नाव येते. चूक शोधताना हे महागात पडते.

क्लँग-फॉरमॅटच्या एलएलव्हीएम शैलीत हे सेटिंग मुळात बंद असते. गो भाषेचा गो-एफएमटी ओळीच्या लांबीला मर्यादाच घालत नाही, पण स्ट्रक्टमधली फील्ड रांगेत आणतोच. तिथे उपाय साधा : मध्ये रिकामी ओळ सोडली की रांग तुटते. आधीच्या गटाला धक्का लागत नाही.

कोडमध्ये मराठी मजकूर असेल तर रांग आणखी डळमळते. ‘क्षि’ हे दिसायला एक अक्षर, युनिकोडमध्ये मात्र चार चिन्हे. त्यातून कोडसाठीच्या अनेक समरुंदी फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच.

जुन्या प्रकल्पात फॉरमॅटर कसा आणावा?

सगळा कोड एकदाच फॉरमॅट करून त्याची स्वतंत्र नोंद करावी, त्यात दुसरा कोणताही बदल मिसळू नये. गिटच्या २०१९ मधील २.२३ आवृत्तीपासून अशी नोंद इतिहास पाहताना वगळता येते. तिचा क्रमांक एका फाइलीत लिहून ती फाइल गिटला दाखवावी लागते. सेटिंगची फाइल प्रकल्पातच ठेवावी. हाताने मांडलेला एखादा तक्ता जपायचा असेल, तर त्याच्या आधी आणि नंतर खास टिप्पणी लिहून फॉरमॅटर तेवढ्यापुरता बंद करता येतो. आणि फॉरमॅटरची आवृत्ती सर्वांकडे एकच हवी. क्लँग-फॉरमॅटच्या दोन आवृत्त्या त्याच फाइलवरून वेगळी मांडणी करू शकतात. मग सकाळी एकाने नीट केलेला कोड संध्याकाळी दुसऱ्याच्या संगणकावर पुन्हा ‘नीट’ होतो.