भूकंपाची शेपटी

जमीन हलली की आम्हा नाशिक रोडकरांचा पहिला प्रश्न असतो, "किती रिश्टर?" हा आकडा लाटेच्या उंचीवरून काढतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण धक्का जवळचा असेल तर जुन्या भूकंपमापकाची सुई कागदाबाहेरच जायची. मग उंची मोजणार कशी?

यावर तोडगा म्हणजे वेळ मोजणे. पहिली लाट आल्यापासून रेषा पुन्हा शांत होईपर्यंतचे सेकंद मोजायचे. खडकांतल्या भेगांवर आपटून लाटा मागाहून येत राहतात, तीच ही शेपटी. भूकंप मोठा, तर शेपटी लांब. कॅलिफोर्नियासाठी १९७२ मध्ये बसवलेल्या सूत्रानुसार जवळच्या धक्क्याची नोंद ३० सेकंद टिकली तर आकडा सुमारे २.१, आणि १०० सेकंद टिकली तर ३.१. अर्थात, प्रत्येक प्रदेशाला आपले सूत्र बसवून घ्यावे लागते. आपल्याला जाणवतो तो यातला थोडाच भाग, त्यामुळे घरातले घड्याळ इथे कामाचे नाही.

बारक्या धक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? कोयनेत १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर आधी लहान धक्केच जाणवू लागले होते. ११ डिसेंबर १९६७ चा विनाशकारी भूकंप त्यानंतरचा.

आपल्याकडे दिंडोरी रस्त्यावरच्या 'मेरी' संस्थेत अशा धक्क्यांची नोंद होते. तेच यंत्र नाशिक रोडला रुळांशेजारी ठेवले तर? गाड्यांच्या धडधडीत निम्मी शेपटी बुडेल आणि ३.१ चा धक्का २.५ चा दिसेल.