अडगळीतली भांडी

ईटसारख्या गावात जुने माळवदाचे घर असेल, तर त्या घरात अडगळीची एक खोली हमखास असते. तिथे अंधारात काय काय पडलेले असते! चेपलेली घागर. गळका तांब्या. एक कडी तुटलेले घंगाळ. टवका उडालेली लोणच्याची बरणी. तोंड फुटलेला रांजण. घरची म्हातारी म्हणते, "राहू द्या तिथंच, कधी कामाला येईल." सून म्हणते, "कशाला ठेवायचं? मोडीत घाला." दोघींचेही खोटे नाही. नुसते ठेवले तर ते कामाला येत नाही, आणि मोडीत घातले की गेलेच. आम्ही इथे तिसरी वाट सांगणार आहोत. याच भांड्यांची फुलदाणी कशी करावी, कुंडी कशी करावी, आणि कोणत्या भांड्याच्या वाट्याला मुळीच जाऊ नये.

ही भांडी अडगळीत गेली कशी, ते आधी पाहू. पूर्वी घरोघर तांब्यापितळेची भांडी होती. तांब्याचा रंग लाल. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते, ते पिवळे. तांब्यात कथील मिसळले की कासे होते. काशाच्या वाटीवर टिचकी मारा, नाद किती वेळ घुमतो बघा. या भांड्यांची एक अडचण होती. ताक, आमटी, चिंचेचे सार असले आंबट पदार्थ उघड्या तांब्यापितळेत ठेवले की ते कळकतात. धातूचा अंश अन्नात उतरतो. खाणाऱ्याला मळमळते, उलटी होते. म्हणून भांड्याला आतून कल्हई लागे.

कल्हईवाला गावात येई. जमिनीत खड्डा करून भाता लावी, कोळसा पेटवी. भांडे तापले की नवसागराची पूड टाकी. भस्सकन पांढरा धूर निघे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवली की काळे भांडे क्षणात चांदीसारखे होई. गावची सगळी पोरे भोवती जमत. मग स्टील आले. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, वजनाला हलके. बायांच्या हातांना आराम मिळाला. हे चांगलेच झाले. पुन्हा सगळ्यांनी पितळेच्या पातेल्यात स्वयंपाक करावा, असे आम्ही म्हणणार नाही. पण स्टील आले, कल्हईवाला येईनासा झाला, आणि जुनी भांडी अंधारात गेली.

आता मोडीचे. लग्नसराई आली, पैशाची ओढ लागली, की दारावर भंगारवाला येतो. तो भांडे तागडीत टाकतो आणि किलोवर पैसे देतो. त्याचेही पोट आहे, त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच्या तागडीला धातू तेवढा कळतो. भांड्याचा घाट, नक्षी, ठोक्यांचे काम तिला कळत नाही. तेच घंगाळ पुण्यामुंबईच्या दुकानात घासूनपुसून मांडले की त्याला वेगळा भाव येतो. मोठ्या हॉटेलांच्या दारात घंगाळात पाणी भरून वर फुले सोडलेली तुम्ही पाहिली असतील. ते घंगाळ कुणाच्या तरी न्हाणीघरातूनच गेलेले असते.

विकायचेच असेल, तर दोन गोष्टी करा. तांबे आणि पितळ वेगळे करा. तांब्याचा भाव पितळेपेक्षा जास्त असतो. दोन्ही एकाच ढिगात घातले तर तोटा तुमचा. दुसरी गोष्ट अशी, की भांडे घासून उजेडात न्या आणि त्यावरची अक्षरे वाचा.

होय, अक्षरे. लग्नात आहेर म्हणून दिलेल्या भांड्यांवर नाव कोरून घेण्याची आपल्याकडे चाल आहे. काठाला बारीक टिंबाटिंबांनी लिहिलेले असते. कुणाला दिले, कुणी दिले, कधी दिले. 'सप्रेम भेट' एवढे तर असतेच. आजवर ती टिंबे तुम्हाला नक्षीसारखी दिसली असतील. आता तुम्हाला वाचता येते. आईच्या लग्नातल्या तांब्यावर मामाचे नाव निघेल, आजीच्या परातीवर तिच्या माहेरच्या गावाचे नाव निघेल. घरात दुसरा कागद नसेल, पण लग्नाची तारीख भांड्यावर सापडेल. वहीत उतरवून घ्या. मग ते भांडे विकायचे की ठेवायचे, ते घरात बसून ठरवा.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) या गृहस्थांनी जन्मभर गावोगाव हिंडून अशाच वस्तू जमवल्या. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, दारांच्या चौकटी. लोक ज्याला अडगळ म्हणत, ते त्यांनी नीट मांडले. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्याचे नाव त्या संग्रहालयाला दिले आहे. पुण्याला गेलात तर ते जरूर पाहा. त्यातल्या कित्येक वस्तू तुम्ही घरी वापरलेल्या निघतील!

पुण्यातच कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके मारून ते भांडे घडवतात. त्याला मठारकाम म्हणतात. या ठोक्यांनी भांडे मजबूत होते आणि दिसतेही छान. पाणी तापवायचे बंब ही त्यांची मोठी कमाई होती. बंब गेले, कमाई गेली. आता त्याच हातोडीने, त्याच ठोक्यांनी तिथले कारागीर फुलदाण्या, दिव्यांच्या छत्र्या आणि शोभेची ताटे करतात. शहरातले लोक ती हौसेने घेतात. तुमच्या घागरीवर अंगठ्याएवढे चकचकीत ठसे असतील, तर ते मठारकाम आहे बरं का. अशी घागर मोडीत घालताना दहादा विचार करा.

आता कामाला लागू.

घागर, चरवी, तांब्या, कळशी यांची तोंडे अरुंद असतात. फुलांना तेच हवे. प्रथम भांडे चिंचेच्या कोळाने आणि मिठाने घासा. चिंचेतल्या आंबटाने काळा थर सुटतो. हिरवा डाग असेल तर लिंबाची फोड मिठात बुडवून चोळा. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन फडक्याने कोरडे करा. ओले ठेवले तर पुन्हा डाग पडतो. चेप काढायचा खटाटोप करू नका. चेप भिंतीकडे फिरवून ठेवला की झाले. भांडे गळत असेल तर झाळून घेता येते, पण त्याचीही गरज नाही. आत काचेची बाटली उभी करा, बाटलीत पाणी घाला, बाटलीत फुले ठेवा. बाहेरून तांब्या दिसतो, पाणी बाटलीत राहते. ही युक्ती सोपी आहे आणि फुकट आहे.

तोंड रुंद असले की फुले आडवी पडतात. त्यालाही उपाय तुमच्या गोठ्यापाशीच आहे. कडब्याची वीतभर धांडे कापून भांड्यात उभी ठासून बसवा. त्यांच्या फटींत फुलांचे देठ खोवा. फूल सरळ उभे राहते. देठ तिरपा कापावा, म्हणजे पाणी जास्त शोषले जाते. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, नाहीतर ती कुजून वास येतो. पाणी रोज बदलावे.

फुले नसतील तर? आपल्या भागात उन्हाळ्यात फुले कुठून आणणार! पण वाळलेल्या वस्तू कमी आहेत का? ज्वारीची कणसे, गवताचे तुरे, कपाशीची उकललेली बोंडे. करडईची वाळलेली बोंडे तर फारच सुरेख दिसतात. काटे असतात, म्हणून हाताला फडके गुंडाळून तोडावीत. घागरीत तळाला वाळू घालून ही सगळी उभी करा. पाणी नको. वर्षभर टिकतात. पाहुणा विचारील, ही फुलदाणी कुठून आणली? कण्हेर मात्र लहान मुलांच्या हाताला आणि जनावरांच्या तोंडाला लागेल अशा ठिकाणी ठेवू नका. ती विषारी आहे.

घंगाळ किंवा परात असेल तर पाणी भरून त्यात झेंडूच्या, शेवंतीच्या पाकळ्या सोडा आणि दिवाळीला मधोमध पणती तरंगू द्या. भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. तिथे ढवळून ढवळून कढईचा तळ पातळ होतो आणि एक दिवस भोक पडते. अशी कढई भंगारात जाते. तिच्यात माती भरून अंगणात ठेवा. भोक तर आयतेच आहे! कोथिंबीर, पुदिना झकास येतो, आणि लोखंडाची ती काळी कढई हिरव्या पाल्याखाली शोभूनही दिसते.

मातीच्या भांड्यांची तऱ्हा वेगळी. मडके चांगले की तडकलेले, ते बोटाच्या टिचकीने कळते. टणटण वाजले तर चांगले, बद् वाजले तर तडा आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कच्चे मडके कोणते हे पाहण्यासाठी त्यांनी संतांच्याच डोक्यांवर थापटणे मारले, आणि नामदेव कच्चे ठरले! ते तेर गाव फार जुने आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापाराच्या पुस्तकात त्याचे तगर असे नाव येते. तिथून कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. तेरला आजही जमिनीतून जुनी खापरे, मणी, मातीच्या बाहुल्या निघतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या, आणि त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तिथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराच्या बोटांचा ठसा म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांनी बघता येते.

एक सूचना इथेच करतो. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना जुने भांडे, नाणी, धन सापडले, तर ते घरी नेऊन घासायचे नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले १० रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तहसील कचेरीत लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

फुटक्या रांजणाची, माठाची कुंडी करायची तर तळाला भोक हवे. नाहीतर पाणी साचून मुळे कुजतात. माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी वाळूच्या ढिगावर पालथा घाला. मोठ्या खिळ्याचे टोक एकाच जागी टेकवून हाताने गोल गोल फिरवा. घाई करून हातोडी मारलीत तर दोन तुकडे झालेच म्हणून समजा. भोकावर खापरीचा तुकडा ठेवून मग माती भरा. बाहेरून गेरू लावा, त्यावर चुन्याने ठिपके काढा. संक्रांतीला नाहीतर लग्नघरी ज्या बाया मडकी रंगवतात, त्यांना हे शिकवायला नको.

लोणच्याच्या बरणीला भोक पाडायला जाऊ नका, ती फुटते. तिचा टवका उडाला असेल, आतून बारीक रेघा पडल्या असतील, तर तिच्यात लोणचे पुन्हा घालू नये. रेघांत घाण बसते. कणसांसाठी मात्र ती उत्तम. जपान देशात फुटलेला पेला एका झाडाच्या चिकाने सांधतात आणि सांध्यावर सोन्याची पूड लावतात. सांधा लपवत नाहीत, उलट दाखवतात. आपल्याला सोने परवडायचे नाही. पण बरणीचा टवका दिसतो म्हणून लाजायचेही कारण नाही.

आता जिवाच्या गोष्टी. फवारणीच्या औषधाची बाटली किंवा डबा कितीही सुबक दिसला, तरी घरात आणायचा नाही. फुलदाणीलाही नाही. दहा वेळा धुतला तरी नाही. लहान मूल त्यात हात घालते, म्हातारे माणूस चुकून त्याच पाण्याला तोंड लावते. तसेच ज्या भांड्याला एकदा रंग लावला, ते पुन्हा चुलीवर आणि ताटात येता कामा नये.

दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यूचा डास गटारापेक्षा घरातल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. फुलदाणी, कुंडीखालची ताटली, घंगाळ या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळे पाणी ओतून द्या, आणि भांडे आतून काथ्याने खरवडून घासा. नुसते ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून बसतात आणि कोरड्यातही बरेच दिवस जिवंत राहतात.

राहिला तो माठ, ज्याचे तोंड फुटले आहे पण तळ शाबूत आहे. त्याला भोक पाडू नका. पाणी झिरपून बाहेरून ओला होतो का, ते आधी बघा. होत असेल तर अंगणातल्या लिंबाच्या नाहीतर शेवग्याच्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा. आत पाणी भरा, वर फरशीचा तुकडा झाका. झाकण घट्ट बसू द्या, म्हणजे डासही शिरत नाही. पाणी माठातून हळूहळू पाझरते आणि थेट मुळाशी जाते. वरून ओतलेले निम्मे पाणी उन्हाने उडते, तसे इथे होत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फरक रोपाच्या जिवावरचा असतो. दोनचार दिवसांनी फरशी उचलून बघावे, आणि पाणी तळाला गेले असेल तर पुन्हा भरावे.