प्लास्टर झाले, रंग राहून गेला

आपल्या कोणत्याही वस्तीतून संध्याकाळी एक फेरी मारून पाहा. कुडाच्या आणि पत्र्याच्या जागी पक्क्या भिंती आल्या आहेत, वर स्लॅब पडला आहे. पण बरीचशी घरे आतून-बाहेरून अजून सिमेंटच्या करड्या रंगाचीच दिसतील. कारण कोणाला सांगायला नको. घरकुलाचे हप्ते पाया, भिंती आणि स्लॅबमध्ये संपतात. उसनवारी करून प्लास्टर होते. रंगाची पाळी येते तेव्हा हात रिकामे असतात. मग घरातला कर्ता माणूस म्हणतो, ‘पुढच्या 14 एप्रिलला बघू.’ जयंती येते, जाते. भिंती तशाच राहतात.

आमचेही असेच झाले. रमाई आवास योजनेतून आम्हाला घर मिळाले. 269 चौरस फूट, दोन खोल्या. शेवटचा हप्ता इतका उशिरा आला की तोपर्यंत तो उसनवारी फेडण्यातच गेला. पेंटरला विचारले तर त्याने सांगितलेला आकडा आमच्या महिन्याच्या मिळकतीहून अधिक होता. आम्ही गप्प बसलो. डोक्यावर पक्के छप्पर आहे, पावसाळ्यात भांडी मांडावी लागत नाहीत, हे काय थोडे झाले?

पण मन रमत नव्हते हे खरे. आमच्या आई, म्हणजे मुलांच्या आजी, दिवसभर बाहेर ओट्यावर बसायच्या. ‘आत कोंदट वाटतं बाई,’ म्हणायच्या. जुने घर मातीचे होते. पडके होते, पण वर्षातून दोनदा त्याला पांढऱ्या मातीचा हात फिरायचा. नव्या घरात बोलले तर आवाज घुमायचा, जणू अजून कोणी राहायला आलेच नाही. आणि एक दिवस दहावीतली थोरली शाळेतून आली नि म्हणाली, ‘आई, माझ्या मैत्रिणी अभ्यासाला घरी येतो म्हणतात. मी त्यांना नाही सांगितलं. आपलं घर गोडाऊनसारखं दिसतं.’

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवले. रंगासाठी कर्ज काढायचे नाही. पण पोरीला स्वतःच्या घराची लाज वाटावी, हेही चालू द्यायचे नाही. पुढच्या दोन महिन्यांत आम्ही जे केले, जे चुकले आणि जे साधले, ते इथे मांडत आहोत. अनेक घरांची हीच अडचण असेल म्हणून.

आधी ओल, मग रंग

पहिली चूक बहुतेक जण करतात ती घाईची. नवे प्लास्टर वरून कोरडे दिसले तरी आत पाणी असते. ते पूर्ण वाळायला कित्येक आठवडे लागतात. शिवाय सिमेंट क्षारयुक्त असते. ओल्या सिमेंटवर ऑइल पेंट मारला की वर्षभरात फुगे येतात, पोपडे सुटतात. पैसे गेले ते गेलेच.

ओल ओळखायची एक सोपी रीत आम्हाला गवंडीमामांनी दाखवली. प्लास्टिकचा एक फूट लांब-रुंद तुकडा घ्यावा आणि चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवावा. एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूने थेंब धरले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूने धरले तर ती स्वयंपाकाची, कपड्यांची वाफ आहे, म्हणजे खिडकी उघडी ठेवून भागेल.

आमच्या मागच्या भिंतीला खाली हातभर पांढरा लोणा फुटला होता. आम्ही तो पाण्याने धुऊन काढणार होतो. गवंडीमामांनी अडवले. लोणा म्हणजे मीठच. ते पाण्यात विरघळून परत भिंतीत शिरते आणि वाळले की पुन्हा बाहेर येते. तो कोरड्या ब्रशनेच झाडायचा. पण झाडून भागत नाही, कारण काढावे लागते. आमच्याकडे मोरीचे पाणी मागच्या भिंतीला लागून मुरत होते आणि बांधकामातून उरलेली माती जोत्यापेक्षा वर चढली होती. दोन दिवस घरच्यांनी मिळून माती ओढली आणि पाण्याला चर काढून दिला. या कामाला मजुरी लागली नाही. पण सगळ्या रंगकामात हेच काम महत्त्वाचे ठरले, असे आज वाटते.

चुन्याची जुनी सोबत

स्वस्त, आपल्या हाताने देता येणारा आणि भिंतीला श्वास घेऊ देणारा रंग म्हणजे चुना. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कडक होतो. ऑइल पेंटसारखा तो वरून पापुद्रा धरत नाही, त्यामुळे आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहते.

कळीचा चुना भिजवताना मात्र फार जपावे. पाणी पडताच तो उकळतो. प्लास्टिकची बादली वापरू नये, लोखंडी पिंप घ्यावे. मुलांना दूर ठेवावे, डोळ्यांना गॉगल लावावा, हातमोजे घालावेत. डोळ्यात शिंतोडा उडालाच तर चोळू नये. स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे सोडावी आणि सरळ दवाखाना गाठावा. ज्यांना ही जोखीम नको त्यांनी बाजारात विरलेल्या चुन्याची पावडर मिळते ती आणावी. भिजवलेला चुना निदान एक दिवस मुरू द्यावा, मग फडक्यातून गाळावा. धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक घालतात.

देताना भिंतीवर आधी पाणी शिंपडावे. एकच जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत. ओला चुना पारदर्शक दिसतो, खालचा करडा रंग तसाच दिसत राहतो. आम्ही घाबरलो, फुकट गेले म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत पांढरी झाली होती. गवंड्याने फार घोटून गुळगुळीत केलेल्या भिंतीवर मात्र चुना नीट धरत नाही. आमचे प्लास्टर खरबरीत होते म्हणून जमले.

सर्वांत आधी छताला चुना द्यावा, हे आम्ही आग्रहाने सांगू. करडे सिमेंट अंगावर पडलेल्या उजेडाचा मोठा भाग गिळून टाकते, पांढरा चुना त्यातला बहुतेक परत फेकतो. नुसते छत पांढरे केले त्या दिवशीच आईंनी विचारले, ‘नवी खिडकी पाडली का गं?’

हळदीची फजिती

पांढरे झाले. पण आम्हाला ऊब हवी होती, पिवळा रंग हवा होता. आईंनी सुचवले, घरात हळद आहे, तीच घाला. घातली. आणि बघता बघता बादलीतला चुना लालभडक झाला! सगळे घर हसले. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकूही याच रीतीने करतात, हे आईंना ठाऊक होते, पण त्या वेळी कोणाला आठवले नाही. शिवाय हळदीचा रंग उन्हाने उडतो, म्हणजे भिंतीला ती कामाचीच नाही.

चुन्यात टिकतात ते मातीचे रंग. पिवळ्यासाठी पिवडी, तांबड्यासाठी काव. या दोन्ही लोहाच्या माती आहेत, चुन्याने त्या बदलत नाहीत. रंग आधी वेगळ्या भांड्यात पाण्यात कालवावा, गाठी मोडाव्यात, मग चुन्यात मिसळावा. चुन्यातला रंग वाळल्यावर बराच फिका होतो. म्हणून कोपऱ्यात वीतभर जागेवर लावून पाहावे, वाळू द्यावे आणि मगच प्रमाण ठरवावे. सगळ्या भिंतीला लागेल इतका रंग एकदाच कालवावा. दुसऱ्यांदा कालवलेला रंग पहिल्याशी हमखास जुळत नाही.

सगळे घर रंगवायची गरज नाही. आम्ही दारासमोरची एकच भिंत पिवडीने पिवळी केली. कारण उंबऱ्यात पाऊल टाकले की नजर तिच्यावरच जाते. मुलांचे हात लागतात त्या भिंतींना खालून तीन फूट कावेचा पट्टा दिला. मळ दिसत नाही आणि जुन्या घरांची आठवणही येते. खिडकीची भिंत पांढरीच ठेवली. एका बाजूची भिंत मुद्दाम करडी सोडली. खरे सांगायचे तर चुना संपत आला होता.

आणि गंमत अशी की तीच भिंत आता आम्हाला आवडते. पिवळ्याशेजारी करडा रंग किंचित निळसर भासतो. हा भिंतीचा नव्हे, आपल्या डोळ्यांचा गुण आहे. जवळच्या रंगाच्या उलटा रंग डोळा त्यात पाहतो. थोरलीने ते प्रथम ओळखले. ‘आई, ही भिंत निळी दिसते की!’ तिला हे कोणी सांगितले नव्हते. बाबासाहेबांची तसबीर आम्ही त्याच भिंतीवर लावली. मागे भडक रंग किंवा चकचकीत कागद नसल्यामुळे तसबीर उठून दिसते.

दिवा आणि वाकळ

रंग एक पैसा न देताही बदलतो, हे आम्हाला दिव्याने शिकवले. आमच्याकडे पांढराफेक एलईडी होता. त्या उजेडात करडी भिंत आणखी थंड, आजारी दिसायची. बल्बच्या खोक्यावर एक आकडा असतो तो वाचावा. 6500 के म्हणजे निळसर पांढरा उजेड. 2700 किंवा 3000 के म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर. 9 वॅटचा एलईडी जुन्या 60 वॅटच्या बल्बच्या आसपास उजेड देतो, त्यामुळे विजेचे बिल वाढायची भीती नाही. बैठकीत आम्ही पिवळसर दिवा लावला. थोरलीच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात मात्र पांढराच ठेवला. डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो छतावरून काढून वहीच्या डाव्या बाजूला खाली आणला. ती उजव्या हाताने लिहिते, त्यामुळे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही.

मग कापड. सिमेंटची भिंत हाताची ऊब झपाट्याने ओढून घेते, म्हणून हिवाळ्यात ती गार लागते. गोधडीच्या थरांत हवा अडकते, म्हणून ती उबदार. आईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ पेटीत पडून होती. हिरवा, जांभळा, तांबडा असे सगळे तुकडे तिच्यात आहेत. ती आम्ही करड्या भिंतीवर बाजेच्या उंचीला टांगली. आता टेकून बसले तरी पाठ गारठत नाही आणि खोलीतले घुमणेही पुष्कळ कमी झाले. मऊ कापड आवाज शोषून घेते. जी वस्तू आम्ही पाहुणे आले की लपवत होतो, तीच आता येणारा प्रत्येक जण हात लावून बघतो. आईंनी पन्नास वर्षांत घातलेले टाके पहिल्यांदाच भिंतीवर आले. त्या आता दुपारी आतच बसतात.

खिडकीला जुन्या सुती साडीचा पडदा केला आणि गजांवर गोकर्णीचा वेल सोडला. बी शेजारच्या मावशींनी दिले.

शहरातल्या वाचकांसाठी दोन शब्द

चाळीत किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्यांना भिंतीला हात लावायची मुभा नसते. त्यांनी दिवा आणि कापड या दोन गोष्टी आधी कराव्यात, त्या घर बदलताना सोबत नेता येतात. जुन्या चाळीतला ऑइल पेंट कोरडा खरवडू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे आणि त्याची धूळ लहान मुलांना घातक असते. भिंत ओली करून, मुलांना दुसरीकडे पाठवूनच ते काम करावे. घरगुती रंगांत 90 पीपीएमपेक्षा अधिक शिसे असू नये, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. नवा डबा घेताना त्यावर तसे लिहिलेले पाहून घ्यावे.

कोणी म्हणेल, भिंतीचा रंग हा काय समाजापुढचा प्रश्न आहे? बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले, तिथे त्यांचा अभ्यास कुठे अडला? खरे आहे. अभ्यास भिंतींनी होत नाही. पण घरात पाऊल टाकताना मूल मान खाली घालत असेल, तर तो प्रश्न रंगाचा उरत नाही. पक्के घर मिळवायला आपल्या दोन पिढ्या गेल्या. ते घर आपले आहे, असे मुलांना आतून वाटले पाहिजे. त्याला महागडा रंग लागत नाही. थोडा चुना, थोडी माती, एक बरा दिवा आणि सगळ्या घराचे हात लागतात.

परवा थोरलीच्या चार मैत्रिणी अभ्यासाला आल्या. भूमितीची प्रमेये घोकता घोकता अंधार पडला. त्यातल्या एकीने पट्ट्याकडे बोट करून विचारले, ‘हा रंग कुठून आणला गं?’

‘कुठून म्हणजे? आम्हीच दिला,’ थोरली म्हणाली. आणि तिने तो कसा कालवायचा ते सांगायला सुरुवात केली.