हापसा आणि पाना

गावात हापसा असतो. सकाळ झाली की त्याच्याभोवती हंडे-कळश्यांची रांग लागते. रांगेत कोण असते? बायका असतात, मुली असतात. एखाद्या दिवशी दांडा नुसताच खाली-वर होतो आणि पाणी येत नाही. मग पंचायतीत निरोप जातो. पंचायतीतून तालुक्याला जातो. मेकॅनिक चार दिवसांनी येतो, नाहीतर पंधरा दिवसांनी. तोवर हंडा ओढ्याला जातो. हंड्याबरोबर मुलगी जाते आणि तिची शाळा बुडते.

आता पाहा. पाणी भरायचे काम बाईचे आणि पंप दुरुस्त करायचे काम पुरुषाचे, ही वाटणी कुणी केली? त्यासाठी काही गावसभा भरली नव्हती. पण हंडा म्हटला की बाईच्या डोक्यावर दिसायचा आणि पाना म्हटला की पुरुषाच्या हातात. तेच अंगवळणी पडले.

पूर्वीचे हातपंप बिडाचे होते. मूळचे ते परदेशातले. तिकडे एका घरापुरते पाणी काढायला ते केलेले. आपल्याकडे एका पंपावर सगळे गाव! तो टिकणार कसा? सारखा मोडायचा. तेव्हा जालना आणि सोलापूर इथल्या काही लोकांनी पोलादाचा मजबूत पंप घडवला. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे युनिसेफ आणि सरकार यांनी 1970 नंतरच्या दहा वर्षांत ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार करवला. आज गावोगाव दिसतो तो हाच. त्याचे मूळ आपल्या सोलापुरात आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

या हापशाच्या पोटात काय असते? वर दांडा. दांड्याला आतून साखळी. साखळीला सळया जोडलेल्या. त्या पाइपाच्या आतून खोल खाली जातात. तळाशी सिलिंडर असतो आणि त्यात दट्ट्या असतो. आपण दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो आणि पाणी वर ढकलतो. दांडा वर सोडला की दट्ट्या खाली जातो. तेव्हा त्याची झडप उघडते आणि पाणी दट्ट्याच्या वर येते. दट्ट्याला वायसर असते. पूर्वी ती चामड्याची असे, आता रबराची असते. वायसर झिजली की पाणी बाजूने खाली निसटते. वस्तू केवढीशी, पण तिच्यापायी सगळे गाव खोळंबते.

वायसर बदलणे अवघड नाही. अवघड आहे ते तिच्यापर्यंत पोचणे. मार्क टूमध्ये त्यासाठी सगळे पाइप वर ओढावे लागतात. एक पाइप दहा फुटांचा. शंभर फूट खोल असेल तर दहा पाइप झाले! म्हणून गाडी लागते, चार-सहा माणसे लागतात. पुढे ‘मार्क थ्री’ निघाला. त्याचा पाइप इतका रुंद असतो की दट्ट्या सळयांना धरून आतूनच वर काढता येतो. पाइप जागचा हलवावा लागत नाही. पाइप महाग पडतो हे खरे. पण गावातल्या दोन-तीन जणींना ही दुरुस्ती जमते. आमच्या मते हीच मोठी सुधारणा.

पण अवघड पंपही बायकांनी उघडले. उत्तर प्रदेशात बांदा जिल्हा आहे. उन्हाळ्यात तिथे पाण्याची फार ओढ. 1990 नंतर तिथे महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमाने बायकांना पंपाची दुरुस्ती शिकवली. त्यांत पुष्कळ जणी दलित आणि कोल आदिवासी होत्या. बहुतेकींना अक्षर येत नव्हते. लोक हसले. बाईच्या हातून पंप बिघडेल म्हणाले. त्या साडीचा पदर खोचून पाने फिरवू लागल्या. सळया वर काढू लागल्या. ज्यांच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, त्यांच्याच हाताने गावाचे पाणी सुरू होऊ लागले. तेव्हा मात्र कुणी शिवाशिव काढायची?

पुढची गोष्ट तुम्हांआम्हांला जवळची आहे. पंप दुरुस्त केला तर त्याची नोंद ठेवावी लागते. कोणता भाग बदलला, कोणत्या दिवशी बदलला, ते लिहावे लागते. म्हणून या बायकाच म्हणू लागल्या, आम्हांला लिहायला शिकवा. त्यातून वर्ग निघाले. 1993 साली ‘महिला डाकिया’ नावाचे पत्रक निघाले. नव्यानेच लिहू लागलेल्या बायका ते काढत. मग 2002 साली त्याच मुलखातल्या चित्रकूटहून ‘खबर लहरिया’ हे बायकांनी चालवलेले वर्तमानपत्र निघाले, तेही तिथल्या बुंदेली बोलीत. पान्यापासून लेखणीपर्यंत मजल गेली ती अशी.

आता पुष्कळ गावांत हापसा मागे पडून नळ आले आहेत. 2019 पासून जलजीवन मिशन सुरू झाले. नळ आला म्हणजे पायपीट वाचली, हे मोठेच सुख. पण मोटारीचे बटण कुणाकडे? टाकीची किल्ली कुणाकडे? या योजनेत प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे असे ठरले आहे. तपासणीची पेटी गावात मिळते. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत? ग्रामसभेत विचारा. नावे कागदावरच असली, तर पेटी कुठे आहे तेही विचारा.

आणि गावात हापसा असेल, तर एक तपासणी आजच करता येते. तिला पैसा लागत नाही. अर्धा तास कुणालाही दांड्याला हात लावू देऊ नका. मग हापसायला लागा आणि मोजा. पाणी यायला पाचांहून जास्त वेळा हापसावे लागले, तर आत कुठेतरी गळते आहे. पंप बंद पडायची वाट पाहू नका. वहीत तारीख लिहा. किती वेळा हापसावे लागले तो आकडा लिहा. खाली आपली सही करा आणि ती वही पंचायतीत दाखवा.