पायरीवरचे शेवाळ आणि जिवाणूंची सभा



गेल्या श्रावणात माझी आजी विहिरीच्या पायरीवरून घसरली. तिच्या मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. दर रविवारी पायऱ्या घासायचे काम माझे होते. पण पाऊस लागला म्हणून दोन रविवार मी घासल्याच नाहीत. आजी मला एका शब्दाने बोलली नाही. म्हणून मला जास्तच वाईट वाटले.

आमच्या चौकला पाऊस फार. इर्शाळगडावर ढग टेकले की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. मग पायऱ्या हिरव्यागार होतात. मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, शेवाळ एवढे बुळबुळीत का असते?" गुरुजी म्हणाले, "तिथे नुसते शेवाळ नसते. जिवाणू पण असतात. आणि ते आपापसात बोलतात!" सगळा वर्ग हसला. पण ते खरे आहे. कसे ते सांगतो.

जिवाणू फार लहान असतो. पट्टीवरच्या एका मिलिमीटरमध्ये सुमारे हजार जिवाणू ओळीने मावतात. त्याला तोंड नाही, कान नाहीत. तो आपल्या अंगातून एक रसायन बाहेर सोडतो. तीच त्याची हाक. जिवाणू एकटा असला तर ते रसायन पाण्यात विरून जाते. पुष्कळ जिवाणू जमले की रसायन दाट होते. मग सगळ्यांना कळते, आता आपण खूप झालो, कामाला लागू या.

आपल्या ग्रामसभेचे तसेच आहे. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के, यांतला जो आकडा लहान असेल तेवढी माणसे यावी लागतात. नाहीतर सभा तहकूब. याला कोरम म्हणतात. जिवाणूंच्या या बोलण्याला शास्त्रज्ञ 'कोरम सेन्सिंग' म्हणतात. १९७० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंमध्ये हे पाहिले. जिवाणू थोडे असले की अंधार, दाटी झाली की उजेड!

पायरीवर कोरम भरला की कितीतरी जातींचे जिवाणू डिंकासारखा चिकट थर करतात. त्या थरात बारीक शेवाळही राहते. पावसाच्या पाण्यानेसुद्धा तो थर सहज निघत नाही. आपला पाय घसरतो तो त्याच्यावरून.

शेवाळ आणि जिवाणू एकत्र का राहतात? शेवाळ उन्हात आपले अन्न तयार करते. त्यातले थोडे बाहेर झिरपते, ते जिवाणू खातात. बदल्यात काही जिवाणू शेवाळाला बी-१२ जीवनसत्त्व देतात. २००५ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी ३२६ जातींच्या शेवाळांची माहिती पाहिली. त्यांतल्या १७१ जातींना बी-१२ लागते, आणि ते त्यांना स्वतःला करता येत नाही.

पण ही दोस्ती कायमची नसते. समुद्रात एक सूक्ष्म शेवाळ आहे. ते तरुण असते तेव्हा त्याच्या सोबतचा जिवाणू त्याला वाढायला मदत करतो. शेवाळ म्हातारे झाले की त्याच्यातून एक वेगळे रसायन सुटते. ते कळताच तोच जिवाणू विष तयार करून शेवाळाला मारतो. हे २०११ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवले.

शेवाळ पण काही भोळे नाही. क्लॅमिडोमोनास नावाचे शेवाळ तळ्यात आणि ओल्या मातीत असते. ते जिवाणूंच्या हाकेसारखीच रसायने सोडते आणि जिवाणूंना फसवते. म्हणजे खोटी हाक मारते!

हे ऐकून मला शेवाळाचा आलेला राग गेला. सगळे जिवाणू काही वाईट नसतात. दुधाचे दही पण जिवाणूच करतात. पण एक गोष्ट मला नीट कळली. पायऱ्या घासायच्या त्या कोरम भरायच्या आत. थर जाड झाला की मग जोर लावून पण निघत नाही.

आता पावसाळ्यात मी दर दोन दिवसांनी नारळाची शेंडी आणि राख घेऊन पायऱ्या घासतो. मळ विहिरीत पडू देत नाही, बादलीत भरून लांब टाकतो. आजीचा हात आता बरा आहे. तरी पायरी उतरताना ती माझा खांदा धरते.

मित्रांनो, तुमच्या विहिरीच्या पायऱ्या आणि नळाखालची फरशी आजच बघा. हिरवी दिसली तर रविवारची वाट बघू नका.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी